तीनातली एक

भारतात साध्यासुध्या माणसाला स्वतःजवळ जास्तीत जास्त किती बंदुका ठेवता येतात? गेल्या आठवड्यात हापिसात जेवताना मी हा प्रश्न टाकला. 'एकही नाही' असं दोघं म्हणाले. 'लायसन असेल तर कितीही' असं तिघं म्हणाले. मॅनेजर म्हणाला, 'तू बरा आहेस ना?' :)

बरोबर उत्तर आहे दोन. १९८३ पर्यंत कायद्यात आकड्याची मर्यादाच नव्हती. परवाना मिळाला की झालं. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिनाचे दोन झाले. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक वर्षाची मुदत मिळाली. दोन ठेवा, तिसरी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग ती परवान्यावरून उतरेल. शेवटची तारीख १३ डिसेंबर २०२०.

आता हा प्रश्न मला का पडावा? माझा आणि शस्त्रांचा संबंध कॉलेजातल्या 'काउंटर स्ट्राइक'पुरताच. पण आमचं मूळ घर निडीचं. नागोठणे सोडलं की रोह्याच्या आधी एक छोटं स्टेशन लागतं, दिवा-रोहा गाडी थांबते तिथे, तेच. तिथल्या घरात काकांच्या नावावर बरोबर तीन बंदुका होत्या. त्यामुळे संसदेत जे झालं ते आमच्या माजघरात आलं. तिनातली एक कुठली द्यायची, हे ठरवायला काकांना जवळजवळ अख्खं वर्ष लागलं. त्या निमित्ताने मी या कायद्याचा इतिहास जालावर आणि लायब्ररीत जमेल तेवढा खणून काढला. आज तो मांडतो, कारण आता तोच प्रश्न, वेगळ्या आकड्यासह, माझ्याकडे आला आहे. त्याबद्दल शेवटी.

आधी त्या तीन बंदुका. पहिली पणजोबांची ठासणीची. दुसरी आजोबांची दुनळी, बारा बोअर. तिसरं काकांनी स्वतः घेतलेलं .३२ चं रिव्हॉल्वर. तीन पिढ्या आणि तीन कारणं. 'कारणं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडच्या कायद्यात बंदूक हा हक्क नाही. परवाना मागताना 'कशासाठी?' याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर परवान्यावर लिहिलेलं असतं. पिकाचं रक्षण, स्वसंरक्षण, खेळ वगैरे.

हे असं का झालं ते समजायला १८५७ पर्यंत मागे जावं लागतं. त्याआधी गावोगाव शस्त्रं होती. पाटलाकडे, रामोश्याकडे, महालकऱ्याकडे, देवळातसुद्धा. उठाव पेटल्यावर कंपनी सरकारने १८५७ चा कायदा क्रमांक २८ केला: शस्त्रांची नोंद करा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा. आता आपल्याला शाळेत १८५७ शिकवतात ते मीरत, झाशी आणि कानपूरचं. पण नेमक्या या नि:शस्त्रीकरणावरून पेटलेलं एक गाव आपल्या फार जवळ आहे, हलगली. तेव्हाच्या घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातलं, आजच्या कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं. तिथल्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने गावाला वेढा घातला, गाव जाळलं, आणि पुढाऱ्यांना फाशी दिली. कन्नडमध्ये त्यांच्यावर लावणी आहे. मराठीत मात्र फारसं कोणी बोलत नाही.

बेरडांचं म्हणणं काय होतं? बंदूक आणि तलवार ही त्यांची रोजीरोटी होती. राखणदारी करणारी जमात ती. हत्यार दिलं म्हणजे धंदा गेला, आणि धंद्याबरोबर गावातली जागाही गेली. पुढच्याच वर्षी, १८५८ च्या मे महिन्यात, नरगुंदच्या भास्करराव भाव्यांनी बंड केलं. दत्तक नामंजूर होणं हे मोठं कारण होतंच, पण दारूगोळा आणि तोफा काढून घेण्याचा अपमानही त्यात होता. म्हणजे 'आणून द्या' या दोन शब्दांचा इतिहास आपल्याकडे असा सुरू होतो.

कायमचा बंदोबस्त झाला तो १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात. एकाच मार्च महिन्यात दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने हातातलं शस्त्र काढलं. वर्तमानपत्रांचा कायदा १८८२ मध्ये रिपनने रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही बारा-पंधरा वर्षं टिकला. त्यातली खरी मेख अशी की तो सगळ्यांना सारखा नव्हता. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. निडीतल्या शेतकऱ्याला डुकरं हाकलायला परवाना हवा, आणि सुट्टीवर आलेल्या गोऱ्या साहेबाला वाघ मारायला नको. हा भेद नियमांतून निघायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं.

आणि कायद्याने बंड थांबलं का? कायद्याला वर्ष व्हायच्या आतच, फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं. फडके आमच्याच जिल्ह्यातले, पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांच्यातल्या दौलतराव नाईकांच्या टोळीने मे १८७९ मध्ये पळस्पे आणि चिखलीला धाड घातली. आज आपण गोव्याला जाताना टोलची आणि ट्रॅफिकची काळजी करत जिथे वळतो, तेच पळस्पे! पुढे १९०९ मध्ये लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात आली, आणि त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. म्हणजे ज्याला कायदा मोडायचाच आहे त्याला परवान्याची अडचण नव्हती. अडचण होती ती वालाच्या शेतात रात्री जागणाऱ्याची.

पणजोबांची ठासणीची बंदूक याच काळातली. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या किंवा चिंधी कोंबायची, मग छर्रे, मग परत चिंधी, आणि लोखंडी गजाने हे सगळं ठासायचं. मागे छोट्या बोंडावर टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. पावसाळी हवेत दारू सर्दली की काहीच होत नाही. काका म्हणतात, "दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर नागोठण्याला पोचतं." पण तिचं काम मारण्याचं कधी नव्हतंच मुळी. रात्री माळ्यावरून एक बार काढायचा, दणका दरीतून घुमतो, कळप उधळतो. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल होतो (पोपटीचा सीझन ज्याच्यावर चालतो तो वाल), आणि त्या दिवसांत राखण नाही केली तर एका रात्रीत वाफा नांगरल्यासारखा होतो.

गंमत म्हणजे आजचा कायदासुद्धा या बंदुकीला नावानिशी ओळखतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. तेवढीने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. आयआयटीच्या जमान्यात एका अधिनियमात ठासणीची बंदूक अजून जिवंत आहे, हे मला फार आवडलं.

या १९५९ च्या कायद्यापर्यंत आपण कसे आलो, तेही थोडक्यात सांगतो, कारण तिथे एक मोठा वळसा आहे. स्वातंत्र्य मागणाऱ्या सगळ्यांना लिटनचा कायदा खुपत होता. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव केले. खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेड्याला सैन्यभरतीचं पत्रक काढलं, त्यात अख्ख्या राष्ट्राला नि:शस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी अमलातल्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरलं. अहिंसेचा माणूस हे म्हणतोय! १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर त्यातला सगळ्यांना आठवतो. पण लोकांच्या नियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, ही मागणीही त्याच यादीत होती. १९३१ च्या कराची ठरावात तर, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क लिहिलेला आहे.

मग घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामतांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली की कराचीच्या ठरावाला जागून हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. मुद्दा असा की मूलभूत हक्क केला तर तो सराईत गुन्हेगारालाही मागता येईल, आणि सरकारला अडवता येणार नाही. दुरुस्ती पडली. म्हणजे ज्यांनी पन्नास-साठ वर्षं हत्यारबंदीला नावं ठेवली, त्यांनीच सत्ता हाती आल्यावर किल्ली स्वतःकडे ठेवली. यात मला ढोंग दिसत नाही. फाळणीला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. गल्लीगल्लीत हत्यारं काय करतात हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. अमेरिकेने १७९१ मध्ये जी दुसरी घटनादुरुस्ती केली ती वेगळ्या इतिहासातून आली. आपल्याकडे हत्यार हा हक्क न होता परवानगी राहिली. ऑनसाइटला जाऊन आलेले मित्र विचारतात की आपल्याकडे वॉलमार्टात बंदूक का मिळत नाही, त्यांना हे उत्तर.

नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला. आजोबांनी दुनळी घेतली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. बारा बोअर म्हणजे काय, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या, त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती नळी बारा बोअरची. मी बसून गणित केलं. शिशाची घनता ११.३४ धरली तर व्यास येतो साधारण १८.५ मिलिमीटर, आणि पुस्तकातला आकडाही तोच आहे. (इंजिनिअरिंगचा असाही उपयोग होतो, बाबांना कळवावं काय?)

दुनळीचं कारण होतं शिकार. त्या काळात ती चोरून करायची गोष्ट नव्हती. हाकारे, मचाण, वाटे. डुकराचा वाटा गावात कोणाकोणाला जायचा याचे नियम ठरलेले असत. आमच्याकडे एक फोटो आहे, अंगणात आजोबा, दुनळी, आणि मागे अर्धी वाडी उभी. परवान्याच्या जुन्या पुस्तकावर 'जिल्हा कुलाबा' असा शिक्का आहे, कारण आमच्या जिल्ह्याचं रायगड हे नाव १९८१ चं.

पण १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते कारण संपलं. रोहा आणि मुरूड तालुक्यांतलं फणसाड घ्या. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं राखीव जंगल होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. ज्या रानात बंदुकीची परवानगी एका माणसाला होती, तिथे ती कोणालाच राहिली नाही. वन्यजीव कायद्यातलं कलम ३४ तर असं आहे की अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं, आणि तिथे नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय द्यायचा नाही. शेत उद्ध्वस्त करणारं डुकर मारायचं तरी आधी वनखात्याची परवानगी लागते. मला हे पटतं. पण परवान्याच्या पुस्तकाकडे पाहिलं तर चित्र असं दिसतं: कारण १९७२ ला संपलं, बंदूक पुढे पन्नास वर्षं राहिली. दर नूतनीकरणाला नवं कारण सापडत गेलं.

तिसरं रिव्हॉल्वर. काकांची भाताची गिरणी होती. हंगामात रोकड घेऊन पेणला आणि रोह्याला जावं लागे, तेही संध्याकाळी. .३२ च का? कारण .३८ आणि ९ मिलिमीटर हे पोलीस-लष्कराचे बोअर सामान्य माणसाला निषिद्ध आहेत. काकांनी ते रिव्हॉल्वर रेंजबाहेर कधी चालवलं नाही. गिरणी बंद झाली, आणि ज्या रोकडीसाठी ते घेतलं ती रोकडच आता मोबाइलवरून जाते. म्हणजे याचंही कारण संपलं. आणि त्याला मारणारे आम्हीच, सॉफ्टवेअरवाले :)

तर, २०१९. नोव्हेंबरात विधेयक आलं तेव्हा प्रस्ताव तिनाची एक करण्याचा होता. वाडवडिलांची हत्यारं असलेल्यांकडून, खेळाडूंकडून, खासदारांकडून आक्षेप आले आणि सरकारने दोन मान्य केल्या. लोकसभा ९ डिसेंबर, राज्यसभा १० डिसेंबर, राष्ट्रपतींची सही १३ डिसेंबर. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. लग्नात-वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बेकायदा हत्यारं बनवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. नेमबाजांना वेगळी सूट, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने नावाजलेल्या नेमबाजांची मर्यादा उलट वाढली. पण वारसा म्हणून आलेल्या हत्यारांना सूट नाही. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडायची नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि या हिशेबात ठासणीची बंदूकही एक, आणि रिव्हॉल्वरही एक.

जगात इतरांनी हे कसं केलं? ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर तिथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून विकत घेतल्या आणि नष्ट केल्या. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये हँडगन जवळजवळ बंद केल्या, तिथेही भरपाई दिली. आपल्या २०१९ च्या कायद्यात मोबदल्याची तरतूद नव्हती. विक्रेत्यामार्फत विकता आली तर विका, नाहीतर जमा करा. आणि आपल्याच देशात एक टोक असंही आहे: कोडगूचे कोडव. इंग्रजांच्या वेळेपासून त्यांना परवान्यातून सूट आहे. ती २०१९ च्या ऑक्टोबरात आणखी दहा वर्षं, २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सप्टेंबरात त्यांच्याकडे बंदुकीची पूजा असते. आमच्याकडे खंडेनवमीला असते. कोयता, पहार, विळी, तीन बंदुका, आणि गेली काही वर्षं माझा लॅपटॉप.

२०२० मध्ये घरात जी चर्चा झाली ती व्हॉट्सॲपवर झाली, लॉकडाऊन होता. चुलतभावाचं मत सरळ होतं: ठासणीची द्या, ती कोणी फुकट घेणार नाही, रिव्हॉल्वर महाग आहे. आत्याचं मत: तिन्ही द्या आणि मोकळे व्हा. बाबांचं मत: वडिलांची दुनळी सोडून काहीही. माझं मत कोणी विचारलं नाही, तरी मी एक तक्ता करून पाठवला. किंमत, वापर, वय, दुरुस्ती, भावना, प्रत्येकी दहापैकी गुण. दुनळी जिंकली, ठासणीची हरली.

काकांनी तक्ता पाहिला आणि सांगितलं, "ह्यात एक रकाना राहिला. कोणासाठी केलेली आहे तो." मग फोनवर समजावलं. ठासणीची जनावर पळवायला आहे. दुनळी जनावर मारायला आहे. रिव्हॉल्वर एकच असं आहे की ते माणसासाठीच केलेलं आहे. वीस-बावीस वर्षं ते कमरेला असताना आपण प्रत्येक माणसाकडे कसं बघत होतो, ते आपलं आपल्याला माहीत. जायचं तर ते आधी जाईल.

आणि गेलं. कायद्याप्रमाणे सगळं रीतसर, विक्रेत्यामार्फत, परवान्यावरून नोंद कमी करून. सगळ्यात महाग, सगळ्यात नवीन आणि कायदेशीर अर्थाने सगळ्यात 'उपयोगी' हत्यार आधी गेलं. माझा तक्ता अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. त्यात तो रकाना मी नंतर घातला.

या सगळ्यात मी हलगलीचा विचार बराच केला. 'आणून द्या' तेव्हाही होतं, आताही आहे. फरक काय? माझ्या मते तीन. एक, हलगलीच्या बेरडांनी ज्यांना निवडून दिलं होतं अशा कोणी तो कायदा केला नव्हता. दोन, तो गोऱ्यांना लागू नव्हता. आताचा (कोडवांसारखे अपवाद सोडले तर) आमदाराला आणि काकांना सारखा आहे, निदान कागदावर. तीन, तेव्हा हत्यार गेलं की पोट जात होतं, आता तसं नाही. पण एक गोष्ट बदलली नाही, आणि ती मी उगाच गोड करून सांगणार नाही. जो कायदा पाळतो त्याच्याच घरातून हत्यार बाहेर पडतं. १९०९ ची ब्राउनिंग पेटीच्या चोरकप्प्यातून आली होती, आणि आजचे गावठी कट्टेही कुठल्या परवान्यावर नसतात. काकांनी रिव्हॉल्वर दिल्याने कोणता गुन्हा टळला, असं विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. मात्र घरातलं हत्यार चोरीला जाणं, रागाच्या भरात हातात येणं, पोराच्या हाती लागणं, हे तिन्ही धोके परवान्याच्या हत्याराला असतातच. तेवढे एका हत्यारापुरते कमी झाले. बस्स, इतकंच.

आता माझ्या वाट्याचा प्रश्न. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. काकांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना मूल नाही, आणि पुढची व्यवस्था आपल्या हाताने लावून टाकायची आहे. गणपतीत त्यांनी विचारलं, "दोन आहेत. तुम्ही दोघं भाऊ. तू काय घेतोस?" चुलतभाऊ निडीलाच शेती करतो. मी पुण्यात, टू बीएचकेमध्ये, भाड्याने.

खरं सांगतो, दुनळी घ्यावीशी वाटली. त्या फोटोतली आहे ती. आजोबांच्या हाताने दस्त्याचं लाकूड जिथे गुळगुळीत झालंय तिथे आपला हात ठेवला की काहीतरी होतं. पण अर्जावरच्या 'कारण' या रकान्यात मी काय लिहिणार? शिकार बंद. पीक नाही. जिवाला धोका असलाच तर डेडलाइनचा. क्लबात जाऊन नेमबाजी करायची म्हटलं तर ती मी करणार नाही हे मला माहीत आहे. मग स्वसंरक्षण असं लिहायचं, पोलीस चौकशीत सोसायटीच्या चेअरमनला सांगायचं, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक लागली की जमा करावी लागते का ते बघायचं, आणि उरलेला सगळा वेळ कुलपाची काळजी. म्हणजे आठवण सांभाळायची म्हणून मी एक खोटं कारण सरकारदरबारी लिहून देणार. आजोबांनी लिहिलेलं कारण निदान खरं होतं.

ठासणीची तशी नाही. तिचं कारण अजून जिवंत आहे. डुकरं आहेत, वाल आहे, राखण आहे, आणि कायद्यात तिचं नाव आहे. ती चुलतभावाने घ्यावी, तिच्यासाठीच परवाना मागावा, आणि दणक्यापुरती वापरावी. दुनळी मात्र घराबाहेर पडावी, विक्रेत्याकडे, ज्याच्याकडे खरं कारण आहे अशा कोणा नेमबाजाकडे. निकामी करून भिंतीवर लावायचाही एक मार्ग नियमांत आहे. पण चालती दुनळी मारून खुंटीला टांगायची, हे मला बरं वाटत नाही. बाबांना हे पटलेलं नाही. काका 'बघू' म्हणाले आहेत, म्हणजे त्यांनाही अजून वेळ हवा आहे.

दरम्यान मी एक काम सुरू केलंय. प्रत्येक बंदुकीचा कागद. क्रमांक, नळीची लांबी, कोणी कधी घेतली, परवान्याच्या पुस्तकातल्या सगळ्या नोंदी, शिक्के, कुलाब्याचे आणि रायगडचे, अंगणातला फोटो, आणि त्या फोटोतल्या माणसांची काकांना आठवतील तेवढी नावं. पुढच्या दोन-तीन वीकांतांत ते पुरं होईल. फोटोत एकोणीस माणसं आहेत. आतापर्यंत अकरांची नावं मिळाली.